एक किलोची पिशवी आणि एकविसावा दिवस

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शेती पुरवणीत दुभत्या जनावरांच्या वांझपणावर लेख आला होता. लेख चांगला आहे, माहितीही बरोबर आहे. पण तो सगळा म्हशीच्या पोटात हात घालून लिहिलेला आहे. म्हशीच्या पायाखाली काय आहे आणि तिच्या गव्हाणीत काय पडतं, याबद्दल त्यात एक ओळ नाही. म्हणून हे पत्र. लांबणार आहे. कापायचं झालं तर मधलं कापा, शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

मी इंदूरची. माहेर रामबागेत, सासरही तिथेच दोन गल्ल्या सोडून. होळकर कॉलेजातून रसायन घेऊन बी.एस्सी. झाले आणि चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. शेती देपालपूर तहसिलीत, सासऱ्यांच्या वडिलांपासूनची. यजमान बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं गावी राहायला गेलो. सहा वर्षांपूर्वी ते गेले, मी तिथेच राहिले. सोळा बिघे जमीन (आमच्याकडे चार बिघ्यांचा एक हेक्टर धरतात), तीन म्हशी, चार संकरित गाई. माझं नाव छापू नका. गावात मराठी वाचणारं कुणी नाही, पण रामबागेतले सगळे वाचतात.

आधी त्या 'वांझ' शब्दाचंच सांगते. बाईला, म्हशीला आणि जमिनीला आपण तो सारखाच लावतो, आणि तिन्ही ठिकाणी चौकशी न करता. आमच्या गावात एक म्हातारा रेडा होता, मागच्या पायानं लंगडा. त्याच्याकडे नेलेल्या म्हशी एकामागून एक उलटायच्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर यायच्या. बोल मात्र म्हशींनाच लागायचा. रेड्याची तपासणी करावी असं पंचांच्या डोक्यात कधी आलं नाही. ते असो.

माझी चंद्री मुऱ्हा जातीची, तिसऱ्या वेताची. दुसऱ्या वेताला दोन्ही वेळचं मिळून दहा लिटर द्यायची. तीन वर्षांपूर्वी व्याली, चार महिन्यांनी माजावर आली, कांडी भरली, म्हणजे कृत्रिम रेतन केलं, आणि एकविसाव्या दिवशी उलटली. पुन्हा भरली, पुन्हा उलटली. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मी गॅसच्या टाकीची तारीख निळ्या पेननं लिहिते, चंद्रीची लाल पेननं. सप्टेंबर ते डिसेंबर त्या दिनदर्शिकेवर पाच लाल वर्तुळं झाली. गोठा सांभाळणारे आमचे बा सकाळी ओट्यापाशी येऊन म्हणायचे, "बाई साब, भैंस फेर बोली." सांगताना मान खाली, जणू शेजारी कुणाच्या तब्येतीची बातमी सांगतायत.

म्हैस माजावर आली की रेकते, म्हणून माळव्यात 'बोली' म्हणतात. पण पुष्कळ म्हशी बोलतच नाहीत. मुका माज. रात्री दोन वाजता सोट (माजातला चिकट स्राव) टाकून मोकळ्या होतात आणि सकाळी दावणीला शहाण्यासारख्या उभ्या. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कांडी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नियम मला पाठ होता. कांडी भरणारा मुलगा मोटारसायकलवर तीन गावं करून यायचा, त्याला कधी दुपारचे दोन वाजायचे, कधी दुसरा दिवस उजाडायचा. एकदा त्यानं नायट्रोजनच्या पिंपातून कांडी काढली आणि आमच्या चहाच्या आधणात थंड पाणी मिसळून, बोटानं अंदाज घेऊन, त्यात बुडवली. उणे १९६ अंशांवरून आलेली वस्तू! तिला ३७ अंशांचं पाणी हवं आणि अर्धा मिनिट हवा. मी शाळेतून निरोपाच्या वेळी मिळालेला तापमापक त्याला देऊन टाकला. त्यानंतर तो बिचारा प्रत्येक वेळी मला दाखवून पाणी मोजायचा. तरीही चंद्री उलटलीच, म्हणजे सगळा दोष त्याच्या बोटाचा नव्हता.

मग गावात वांझपण निवारणाचं शिबिर झालं. लिंबाखाली जनावरं बांधली, फोटो झाले. प्रत्येक घराला जंताच्या गोळ्या आणि खनिज मिश्रणाची एक किलोची पिशवी मिळाली. पिशवीवर छापलं होतं की मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम द्यावं. मी हिशेबाची माणूस. एका जनावराला एक किलो पुरतं वीस दिवस, आणि माज फिरून येतो एकविसाव्या दिवशी! माझ्याकडे तर सात जनावरं. पिशवी तिसऱ्या दिवशी संपली. आणखी मागितली तर पुढच्या शिबिरात या म्हणाले. औषधाच्या दुकानात गेले तर त्यानं कॅल्शियमची पाच लिटरची कॅन हातात ठेवली. ती मी पाजत राहिले, ते पुढे सांगते.

जावेचे भाऊ महूला पशुवैद्यकी शिकलेले, नोकरीतून निवृत्त झालेले. डिसेंबरात ते लग्नासाठी इंदूरला आले होते, त्यांना गाडी पाठवून बोलावून घेतलं. मला वाटलं होतं की आल्या आल्या लांब हातमोजा चढवतील. ते गोठ्यात नुसते उभे राहिले, दहा-पंधरा मिनिटं. चंद्री भिंत चाटत होती. गव्हाणीच्या वर हात-दीड हाताच्या पट्ट्यात चुना पार निघून गेला होता, आतली वीट तांबडी-ओलसर दिसत होती आणि विटांच्या सांध्यातला मसाला तिनं जिभेनं कोरून काढला होता. ही भिंत मला रोज दिसत होती. मला वाटायचं, ओल आलीय. पलीकडे गोरी नावाची गाय पोत्याचा तुकडा चघळत होती, अगदी आपण सुपारी चघळतो तशी.

"ताई, हिला खायला काय असतं?"
"भुसा. आणि कपास्या खली," म्हणजे सरकीची पेंड.
"खली किती?"
"दुभती असेल तोवर दोन किलो."
"आणि आटल्यावर?"
मी गप्प बसले. आटल्यावर भुसा, दुसरं काय. भाकड जनावराला खली कोण घालतं?

मग त्यांनी तपासलं. गोरीचं अंडाशय वाटाण्यासारखं, गुळगुळीत. आत काही चालूच नाही. जनावराला पोटापुरतं मिळत नसेल तर शरीर आधी हे खातं बंद करतं, असं ते म्हणाले. चंद्रीची सोट काचेसारखी स्वच्छ होती, तेव्हा गर्भाशयात बिघाड दिसत नव्हता; माज होता, पण धरत नव्हती. आणि तिसरी तांबडी, जिची जार अडकली होती आणि गावातल्या एकानं ओढून काढली होती, तिच्या गर्भाशयात पू निघाला. "हिचं खापर चाऱ्यावर फोडू नका," ते म्हणाले, "हे माणसाच्या हातचं काम आहे." हे मुद्दाम लिहिते आहे. जनावर गाभण न राहण्याची कारणं पाच-पन्नास असतात, आणि सगळी मातीतून येतात असं म्हणणारा माणूसही खोटं बोलतो.

हात धुता धुता त्यांनी विचारलं, "मातीचं कार्ड आहे का तुमच्याकडे?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हैस तपासायला आलेला माणूस मातीचं कार्ड मागतो! यजमानांच्या फायलीत, पासबुकांच्या मागे, ते कार्ड सापडलं. ही मृदा आरोग्य कार्डाची योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली. ऐन शिवजयंतीला, म्हणून तारीख लक्षात आहे. बारा गोष्टी त्यात मोजून दिलेल्या असतात. आमच्या कार्डावर सामू ८.१, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, जस्त दहा लाख भागांत ०.४१, गंधक 'कमी'. कर्ब अर्ध्या टक्क्याखाली गेला की कमी धरतात, जस्त ०.६ च्या खाली गेलं की कमी. रसायन शिकवण्यात जन्म गेला माझा, आणि हे कार्ड इतकी वर्षं पासबुकांमागे! बरं, बागायतीत अडीच हेक्टरांत एकच नमुना घेतात, तेव्हा तो माझ्या शेतातलाच होता की शेजाऱ्याच्या, ही शंका होतीच. म्हणून मी स्वतः पुन्हा माती काढली. दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा, कडेची माती कापून घ्यायची, घमेल्यात मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. पैसे भरून तपासून घेतली. आकडे थोडे हलले, पण जस्त आणि कर्ब जिथे होते तिथेच.

आता माझा मूळ प्रश्न असा होता की आम्ही दरसाल डीएपीची पोती रिचवतो, त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतो. आणि भिंत चाटणं हे बहुतेकदा स्फुरद कमी पडल्याचं लक्षण. मग म्हैस भिंत चाटेपर्यंत तिला स्फुरद कमी कसा पडतो? उत्तर गव्हाच्या रोपात आहे. गहू पिकताना आपला स्फुरद दाण्यात ओतून मोकळा होतो. दाण्यात भुशाच्या चार-पाच पट तरी. दाणा ट्रॉलीत बसून मंडीत जातो. दाण्यातल्याही स्फुरदाचा मोठा वाटा चोकरात (कोंड्यात) असतो, तो राहतो मिलवाल्याकडे. सोयाबीनचं तेच: तेल निघतं, उरलेली डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, कोंबड्यांच्या खाद्यात नाहीतर बोटीवर. माझ्या गोठ्यात परत येतो तो भुसा, ज्यात प्रथिनं जेमतेम तीन टक्के आणि स्फुरद नावाला. जस्ताचा फेरा निराळा. आमची काळी माती चुनखडीची, आठच्या वर सामू असलेली. तिच्यात जस्त असलं तरी मुळांच्या हाती लागत नाही. वर सगळा भर डीएपीवर, म्हणजे स्फुरद जास्त आणि त्यामुळे पिकाला जस्त आणखीच दुर्मीळ. जे रोपात नाही ते भुशात नाही, जे भुशात नाही ते म्हशीत कुठून येणार? आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, तर या मातीत मुळातच भरपूर. म्हणजे दुकानदारानं मला जे विकलं, त्याचीच म्हशीला सगळ्यात कमी गरज होती. ताजी व्यालेली जास्त दुधाची म्हैस असेल तर गोष्ट वेगळी. चंद्रीला त्या कॅनचा उपयोग एवढाच झाला की रिकामी कॅन पाणी भरायला आली.

माळव्यात सोयाबीन १९७० नंतर पसरलं. सासरे सांगायचे, त्याआधी खरिपात ज्वारी आणि कापूस, नाहीतर गव्हासाठी जमीन पडीक ठेवायची. ज्वारीच्या कडब्याची गंज घरापेक्षा उंच असायची. सोयाबीनला मी शिव्या देणार नाही. आमच्या घराचं पक्कं छत त्यानंच घातलं. पण सोयाबीनच्या कुटाराला (मळणीनंतरच्या भुशाला) जनावर नाक लावतं आणि बाजूला होतं. ज्वारी गेली तशी कडब्याची गंज गेली, आणि गव्हाचा भुसाही हार्वेस्टर आल्यापासून अर्धा शेतातच उभा राहतो. बंदी असूनही लोक रात्री नरवाई, म्हणजे शेतात उरलेले खुंट, पेटवतात. एप्रिलमध्ये देपालपूरच्या रस्त्यानं संध्याकाळी या, डोळ्यांना कळेल.

पण खरी शरम मला वाटली ती शेणाचा हिशेब मांडला तेव्हा. सात जनावरं, एकेकाचं रोजचं बारा किलो शेण धरलं तरी वर्षाचं ओलं तीस टन होतं. तीस टन! आणि माझ्या सोळा बिघ्यांत किती जात होतं? वैशाखात चार-पाच ट्रॉल्या, त्याही वाळलेल्या, पांढरट, वाऱ्यावर उडणाऱ्या. बाकीच्याचा माग काढला. बरंचसं कंड्यांत (गोवऱ्यांत). इंदूरच्या लग्नांतले बाफले, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, कंड्यांवरच हवेत, आणि अलीकडे होळीही कंड्यांची करतात. आचारी टेम्पो घेऊन दारात येतात, रोख देतात. उरलेलं रस्त्याकडेच्या उकिरड्यावर. आषाढात त्यातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळत नाल्याकडे जायचं, ते मी ओट्यावर बसून चहा पितानाच पाहिलेलं आहे. आणि मूत्र? यजमानांनी मोठ्या हौसेनं गोठ्याला सिमेंटचा कोबा करून उताराची नाली काढली होती. स्वच्छ गोठा म्हणून आमचं कौतुकही झालं. जनावराच्या पोटातून परत येणारं जवळजवळ निम्मं नत्र आणि बहुतेक सगळं पालाश मूत्रात असतं. ते आम्ही पंधरा वर्षं गावच्या नालीला दिलं आणि बदल्यात बाजारातून पोती आणली.

हे सगळं ज्या इंदूरला घडतं त्या इंदूरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख, आणि रसायनाचं काम पाहणारे त्यांचे सहकारी यशवंत वाड. दोघांनी मिळून कंपोस्टची पद्धत बसवली, १९३१ मध्ये ती दोघांच्या नावांनी छापून आली आणि जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. हॉवर्डसाहेबांचं नाव सगळे घेतात, वाडांचं आपण मराठी लोकही घेत नाही. त्या पद्धतीतला मला सगळ्यात आवडलेला भाग खड्ड्याचा नाही, गोठ्याचा आहे. जनावरांखाली मातीचीच जमीन ठेवायची. तिच्यात मूत्र मुरू द्यायचं. तीन-तीन महिन्यांनी ती मूतमाती खणून काढून नवी भरायची, आणि खणलेली खतात घालायची. जनावर खात नाही तो काडीकचरा आधी त्याच्या अंगाखाली पसरायचा. मग शेण, थोडी राख, पाणी, आणि तीन वेळा खालीवर. तीन महिन्यांत खत तयार. हॉवर्ड बिहारात पुसाला असताना त्यांच्या बैलांची नाकं शेजारच्या लाळ्या-खुरकुतीच्या जनावरांना लागायची, तरी सकस जमिनीवरचा चारा खाणाऱ्या त्यांच्या बैलांना रोग झाला नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. मी मात्र लस टोचून घेते. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भरवशावर म्हैस सोडायची नसते.

तर मी काय केलं. पहिली चूक सांगते. जूनमध्ये उत्साहानं गोठ्यामागे दोन फूट खोल खड्डा खणला आणि भरला. जुलैच्या पहिल्या झडीत त्याचं डबकं झालं, आणि वास असा सुटला की सरपंच दोनदा येऊन गेले. पावसाळ्यात खड्डा नाही, जमिनीवर ढीग करायचा, हे त्या पद्धतीतच सांगितलेलं आहे. मी ते वाचलं दसऱ्याला. दुसऱ्या वर्षी ढीग केला, वरून उतार दिला. कोबा फोडायची हिंमत झाली नाही, यजमानांची आठवण. म्हणून त्यावर सोयाबीनचं कुटार पसरायला लागले. बा आधी हसले. पण दोन रात्रींत कुटार मूत्र पिऊन काळं-मऊ होतं, जनावराचे गुडघे सोलत नाहीत, नालीत काही जात नाही, आणि ढिगात ते कुटार भराभर कुजतं. जे जनावर तोंडात घेत नव्हतं ते असं कामी आलं. ढिगात काठी खुपसून बाहेर काढली की हाताला चटका बसतो, तो चटका बसला की बा म्हणतात, "पकी रियो है."

शेतात एका हेक्टराला २५ किलो झिंक सल्फेट टाकलं, डीएपीत न मिसळता, वेगळ्या दिवशी. एका तुकड्यात डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट, कारण त्यात गंधकही येतं. सोळांतले अडीच बिघे जनावरांच्या नावानं काढले, खरिपात ज्वारीची चारी, रबीत बरसीम. शेजारी म्हणाले, बाई अडीच बिघ्यांचा गहू म्हशीला चारते. बरोबर आहे, चारते. आणि घरच्या गव्हातले सहा क्विंटल मंडीत न नेता गावच्या चक्कीवर भरडून घेते आणि चोकर घरी आणते. खनिज मिश्रण पोत्यानं आणलं, प्रत्येकी रोज पन्नास ग्रॅम, भाकड असो की दुभती, वर्षभर. मोजायला गॅसच्या ओट्यावरचा मसाल्याचा डबा ठेवला आहे, त्यातली सपाट वाटी बरोबर पन्नासची भरते.

निकाल सांगते, जसा आहे तसा. गोरी दुसऱ्या महिन्यात माजावर आली आणि पहिल्याच कांडीत राहिली. तिला फक्त जेवण हवं होतं. चंद्रीनं भिंत चाटणं पाच-सहा आठवड्यांत सोडलं, पण ती उन्हाळाभर काही बोलली नाही. उन्हाळ्यात म्हशी तशाही मुक्या होतात. ऑक्टोबरात बोलली, उलटली, आणि नोव्हेंबरात राहिली. दहा महिने दहा दिवसांनी वगार झाली. तांबडीवर औषधोपचार झाले, तरी ती राहिली नाहीच. तिला मी ठेवून घेतली आहे, शेण तर देते. गव्हाच्या उताऱ्यात पहिल्या वर्षी काडीचा फरक पडला नाही. दुसऱ्या वर्षी जिथे ढिगाचं खत गेलं तिथे पाण्याची एक पाळी उशिरा लागली, एवढं मी आणि बा दोघांनी पाहिलं. कर्ब ०.३८ वरून ०.४३ झाला. वर्षानुवर्षं उपसलेली माती दोन पावसाळ्यांत भरत नाही, आणि मला ते पुरतं भरलेलं दिसेल इतकं आयुष्यही नसेल.

आता मागणी. आपल्या वृत्तपत्रातून ती संबंधितांपर्यंत पोचावी. गावात मातीचे नमुने घेणारी माणसं वेगळी, म्हशी तपासणारी वेगळी. एकांची जीप मार्चमध्ये येते, दुसऱ्यांची नोव्हेंबरात. मातीवाल्यांना विचारलं की या शेतातला चारा कोण खातं, तर ते म्हणतात तो आमचा रकाना नाही. म्हशीवाल्यांना कार्ड दाखवलं तर ते चष्मा पुसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की शिबिराला येताना प्रत्येक शेतकऱ्यानं आपलं मातीचं कार्ड आणावं, असं दवंडीतच सांगा, आणि त्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या पानावर शिबिरातल्या डॉक्टरांनी लिहावं: किती जनावरं, काय खातात, कितीदा उलटली. दोन वर्षांनी मातीवाले येतील तेव्हा त्यांना तेच पान वाचता येईल. मातीच्या नमुन्याबरोबर त्याच शेतातला मूठभर भुसा तपासायला घ्या. ज्या गावात जस्त कमी त्या गावच्या पिशवीत जस्त वाढवा. चुन्याच्या मुलखात चुना वाटू नका. आणि पिशवी एक किलोची देऊ नका. निदान तीन महिने पुरेल एवढी, साडेचार किलोची तरी द्या, एका जनावराला एक. नसेल देता येत तर घराला एक पिशवी देऊन फोटो काढण्यापेक्षा ज्यांची जनावरं तीनदा उलटली आहेत तेवढ्यांनाच पुरेपूर द्या.

दुसरी गोष्ट शहराची. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात इंदूरचा दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची सोय आहे आणि त्यातून गॅसबरोबर १०० टन खतही निघतं, असं २०२२ मध्ये उद्घाटनाच्या वेळी जाहीर झालं होतं. त्याचं उद्घाटनही १९ फेब्रुवारीलाच झालं होतं, हे आपलं मला गंमत म्हणून लक्षात आहे. आमच्याकडून शहरात गेलेल्या भाजीची सालं तिथे पोचतात, हे उत्तमच. त्या खताची एखादी ट्रॉली देपालपूरच्या बाजूला परत यावी, आणि गोण्यांवर त्यात काय किती आहे ते हिंदीत छापलेलं असावं. विकत घ्यायची माझी तयारी आहे.

आपल्या लेखकांना माझा नमस्कार सांगा. पुढचा लेख लिहिण्याआधी त्यांनी एखाद्या गोठ्यात पंधरा मिनिटं नुसतं उभं राहावं आणि भिंतीकडे बघावं.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक
देपालपूर तहसील, जि. इंदूर

ता. क. – यंदा बाफल्यांचा आचारी टेम्पो घेऊन आला तेव्हा त्याला पाचशेच कंडे दिले. रागावला. त्याला म्हटलं, भाऊ, कुटारावरचं शेण थापता येत नाही, चिकटत नाही ते. हे खरंही आहे.